हप्ता हातात, गाडी दारात

४ फेब्रुवारी

नमस्कार.

आपली ओळख नाही. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. शिंप्यांच्या दुकानांत, कपड्यांच्या कारखान्यांत, लोकांच्या घरी जातो, मशीन उघडतो, साफ करतो, तेल घालतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघतो. आजवर हे सगळं बसने आणि पायी चालायचं. हत्यारांची पेटी अडकवून अडकवून माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलाय. म्हणून मागच्या महिन्यात तुमच्या वडिलांकडून तुमची मोटारसायकल घेतली, हप्त्याने.

तुमची म्हणजे खरोखरच तुमची, हे मला नंतर कळलं. घरी येऊन कागद नीट पाहिले तर वर नाव तुमचं. पुढच्या वेळी काकांना विचारलं (मी त्यांना काका म्हणतो), तर म्हणाले, "पोराच्या नावावर घेतली होती. सही काय, करील की तो!" आणि लगेच चेनबद्दल बोलायला लागले. तुमचा पत्ता तुमच्या आत्यांनी दिला, तोही मला फाटकापर्यंत सोडायला आल्यावर, हळू आवाजात.

तेव्हा विनंती एवढीच, की सोबतच्या फॉर्मवर खूण केलेल्या जागी सही करून तो परत पाठवा. माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय.

व्यवहारात काही काळंबेरं नाही. काकांनी किंमत जवळजवळ भंगाराची सांगितली. हप्ते मात्र इतके लांबवले की मीच म्हणालो, एवढे पैसे मी याच्या निम्म्या वेळात फेडतो. त्यावर ते माझ्यावरच चिडले. त्यांची अट एकच : हप्ता हातात, गाडी दारात. पैसे कुणाबरोबर पाठवायचे नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः यायचं आणि गाडीवरूनच यायचं. मी गाडी नीट ठेवलीय की नाही ते तपासणार म्हणे. मला वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. गाडी स्वस्तात मिळतेय तर सोसू थोड्या तऱ्हा.

सहीची वाट पाहतो.

तुमच्या गाडीचा अर्धामुर्धा मालक,
मशीनवाला


१९ एप्रिल

नमस्कार.

पाकीट वाटेत हरवलं असेल, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. आता समजावून कंटाळलो. दुसरा फॉर्म पाठवतोय.

परवा चौकात पोलिसाने अडवलं. कागदावरचं नाव माझंच का, म्हणून विचारलं. नाही म्हटलं. मग गाडी कुणाची? आता त्याला काय सांगू? जिच्या चोकपासून ब्रेकपर्यंत सगळ्या खोडी मला पाठ झाल्यात, तिच्याबद्दल रस्त्यात उभं राहून मला खुलासे द्यावे लागतात. एका शिंप्याची तीन मशीनं त्या दिवशी तशीच राहिली आणि त्याने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

असो. काका गाडी तपासतात म्हणजे काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल लहानपणापासून. मी पहिल्यांदा पाहिलं. आधी ते मला गाडी चालू ठेवायला सांगतात आणि खुर्चीत डोळे मिटून ऐकतात. बसडेपोत आयुष्य काढलेला मेकॅनिक, त्यामुळे मी गप्प उभा राहतो. मग उठून टाकीवर तळहात ठेवतात. बाह्या सरसावून इथे आवळ, तिथे सैल कर. सायलेन्सर त्यांनी स्वतः बनवून बसवलाय, हेही सांगतात, दर वेळी नव्याने. त्यामुळे असा आवाज दुसऱ्या कुठल्याही गाडीचा नाही, म्हणतात. खरं आहे. गल्लीतली कुत्री आता मला लांबून ओळखतात.

गाडी ज्या पत्र्याखाली उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा डाग आहे. आत्यांनी तो घासायला घेतला तर काका त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतात. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं ते रोज सकाळी ती चालू करून ठेवायचे, असं आत्या म्हणाल्या. उभी गाडी मरते, म्हणायचे. गुडघा गेला, किक मारवेना, तेव्हा कुठे विकायला तयार झाले.

या वेळी एक गोष्ट झाली. मी हप्ता दिला, त्यांनी मोजून खिशात ठेवला. चहा झाला. मग मला म्हणाले, "हप्ता आणलात ना?" मला वाटलं गंमत करतायत. आत्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अरे दादा, दिला त्यांनी, खिशात बघ!" त्यांनी खिसा चाचपला आणि हसले, पण चेहरा उतरला.

तुम्हाला हे कळवणं माझं काम नाही. माझं काम सहीपुरतं.

मशीनवाला


६ जुलै

नमस्कार.

सहीचं राहू द्या. म्हणजे करा, पण आज त्यासाठी लिहीत नाहीये.

गेल्या रविवारी मी फाटकात गाडी लावली आणि हेल्मेट काढत होतो, तर काका दारात आले आणि म्हणाले, "बारक्या, किती उशीर रे?"

माझ्याकडे कधी पाहिलंत तर तुम्हाला हसू येईल. माझ्यासारख्या आडव्या माणसाला कुणी बारक्या म्हणणं म्हणजे म्हशीला हरिणी म्हणण्यासारखं. मी हसत म्हणालो, "काका, मी मशीनवाला. हप्ता द्यायला आलोय." ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागे रस्त्यावर बघितलं. "मग बारक्या कुठाय? गाडी तर त्याची आहे." आणि त्या खुर्चीत जे बसले ते चहाला उठेनात, गाडी तपासायला उठेनात. आत्यांनी हाताने मला निघण्याची खूण केली. फाटकापाशी म्हणाल्या, "दिवसभर असाच बसेल आता."

म्हणून काल मी परत गेलो. रविवार नव्हता, हप्ताही नव्हता. ते म्हणाले, "आलास?" मी म्हणालो, "हो, बाबा."

लिहून टाकलं एकदाचं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुमची जागा घ्यायची मला हौस नाही. त्यांना आनंद झाला, ते जेवले, माझ्या ताटात स्वतः भात वाढला आणि आत्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

तुम्ही या. एक रविवार या. बाप मुलाची वाट बघतोय आणि मुलगा जिवंत आहे, पत्ता माहीत आहे, तरी हे असं चाललंय, ते मला बघवत नाही. माझे वडील मी शाळेत असताना गेले. गेले म्हणजे वारले नाहीत, निघून गेले. त्यांचा पत्ता मला कुणी फाटकापाशी दिला असता तर मी पेटी तिथेच टाकून धावलो असतो.

मशीनवाला


२८ सप्टेंबर

तुमचं पाकीट मिळालं. फॉर्मवर सही आहे, दोन्ही ठिकाणी, सुवाच्य. सोबतच्या चिठोऱ्यावर एक ओळ : "कृपया घरच्या गोष्टी मला लिहू नका."

बरं. लिहिणार नाही. पण त्याआधी एक वस्तू तुमच्या हवाली करायची आहे. ती चुकून माझ्या हाती आली, तुमची आहे, आणि मी दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही. घ्या आणि मग खुशाल दार लावा.

मागच्या रविवारी पाऊस होता. गाडी पत्र्याखाली घेतली. काका माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसले आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "बारक्या, तुला आईनेच पाठवलं होतं त्या दिवशी."

मला काही ठाऊक नव्हतं. 

म्हणाले, "मी तिथेच होतो रे, तिच्या खाटेपाशी. ती तुला म्हणाली, इतके दिवस इथे बसून सुकलायस, जा, गाडीवर एक चक्कर मारून ये, जरा वारं लागू दे. मी ऐकलं ते. आणि तू गेलास आणि मागे ती गेली. तू आलास तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, आई मरत होती आणि तुला गाडी सुचली. जा, तिच्यावरच जा. मला माहीत होतं, बारक्या. मला माहीत असून मी बोललो. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू समोर होतास."

मग म्हणाले, "तू गाडीवर नाहीच गेलास. चावी ठेवलीस आणि पायी गेलास. मला वाटलं, कोपऱ्यावरून परत येशील."

ते रडले नाहीत. माझा हात मात्र सोडेनात.  माझ्या जागी तुम्ही काय बोलला असता, तेच मला माहीत नाही. मी म्हणालो, "असू दे, बाबा." तुमच्या वतीने क्षमा करायचा अधिकार मला कुणी दिला? कुणीच नाही. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

घरी येऊन मी खूप रडलो. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

एवढंच होतं. आता लिहीत नाही.


१२ डिसेंबर

नमस्कार.

वर्ष उलटून गेलं. तुमचा शब्द पाळला. आज मोडतोय, कारण डॉक्टरांनी आत्यांना सांगितलंय की आता नुसती आठवण नाही, शरीरही थकत चाललंय. आत्या तुम्हाला लिहिणार नाहीत. म्हणतात, "त्याने यावं वाटून यावं. बोलावून आलेल्याचं काय करायचं?" त्यांचा ताठा मला मान्य आहे, पण परवडणारा नाही.

गाडी आता माझ्या नावावर आहे. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता दिला. आत्यांनी हसून विचारलं, "सुटलास. आता कशाला येतोस?" मी म्हणालो, गाडी तपासून नको घ्यायला? हल्ली मी दर रविवारी जातो.

पण गेल्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये अडकली म्हणून मी बसने गेलो. काका खुर्चीत होते. मी समोर उभा राहिलो, अगदी दोन हातांवर. म्हणाले, "कोण पाहिजे?" मी म्हणालो, "बाबा, मी." ते घाबरले. आत्यांना हाका मारायला लागले, "अगं, कुणीतरी घरात आलंय, बघ." आत्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांतही तेच होतं जे मला त्या क्षणी कळलं. काका इतके दिवस माझा चेहरा बघतच नव्हते. ते गाडी ऐकायचे. त्या आवाजावर बसून जो येईल तो बारक्या.

मला वाटत होतं, थोडा तरी मी असेन त्यात. एक-दोन टक्के. असो.

तुम्ही ज्या दिवशी याल त्या दिवशी हे लक्षात असू द्या, म्हणून लिहिलं. याच तेवढे.

मशीनवाला


२ मार्च

लॉजच्या काउंटरवर हे पत्र ठेवून जातोय. आत्या म्हणाल्या, तुम्ही आठवडाभर तिथे आहात. पाकिटात चावी आहे ती पडू देऊ नका.

काल जे झालं त्याबद्दल तुम्ही माझ्यावर चिडला असाल. मीही चिडलो असतो. इतक्या वर्षांनी माणूस हातात बॅग घेऊन बापाच्या दारात उभा राहतो आणि बाप म्हणतो, "या, बसा. हप्ता आणलात का?" आत्यांनी सांगितलं मला. तुम्ही म्हणालात, "बाबा, मी बारक्या." आणि ते म्हणाले, "बारक्या येईलच आता, रविवार आहे. तो आला की गाडी दाखवतो तुम्हाला." आणि नेमका तेव्हाच मी मूर्ख फाटकात गाडी घेऊन हजर. ते उठले, तुमच्या अंगावरून पुढे आले, मला खांद्याला धरून आत आणलं आणि तुम्हाला म्हणाले, "हा माझा मुलगा."

तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही बॅग उचलून निघालात आणि मी तुमच्या मागे धावलो नाही, कारण त्यांनी मला धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मला सुटता आलं असतं. मी जोर केला नाही.

आता सांगतो ते नीट वाचा. गाडी लॉजच्या मागे उभी आहे. टाकी भरली आहे. चोक पूर्ण ओढायचा, आधी रिकाम्या किका मारायच्या, मग चावी फिरवायची. गरम झाल्याशिवाय निघू नका, मधेच बंद पडते. गल्लीच्या तोंडाशी गिअर उतरवा, पूर्वी उतरवायचात तसा. फाटकात आल्यावर बंद करण्याआधी एकदा रेस करा, जोरात. तुमची ती सवय होती ना? माझी नव्हती. मी ती आत्यांना विचारून शिकलो. हे तुम्हाला आजवर लिहिलं नव्हतं. मागच्या पत्रांत मी असा आव आणला की त्यांनीच मला बारक्या ठरवलं. त्यांनी ठरवलं होतं, पण नंतर मीही हातभार लावला. आपण आल्यावर कुणीतरी उठून दारात येतं, हे मला फार आवडायला लागलं होतं.

हेल्मेट स्वतः काढू नका. ते पट्टा सोडतात आणि पंच्याने तुमचं कपाळ पुसतात. त्यांना करू द्या.

मी येणार नाही. गाडीशिवाय येऊन उपयोग नाही आणि गाडीवरून आता मी यायचं नाही. ती तुम्ही ठेवा. पैशांचं बोललात तर भांडण होईल.

मशीनवाला


६ एप्रिल

नमस्कार.

हे पत्र आत्यांच्या हाती देतोय, तुम्ही औषधं घेऊन आलात की देतील.

तुम्ही गाडीवरून घरी आलात त्या मंगळवारी मी येणार नाही म्हणालो होतो आणि आलो होतो. घरात नाही, समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात. त्यांचं मशीन उघडून बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. तुम्ही फाटकात थांबलात आणि रेस करायला विसरलात.  मग केलीत, उशिरा, आणि भलतीच मोठी. दार उघडलं. काका काय बोलले ते रस्त्यापलीकडे ऐकू आलं नाही, पण तुमच्या हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेलेले त्यांचे दोन्ही हात मला दिसले. मी मशीनमध्ये डोकं घातलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, ते तर चांगलं चालतंय." मी म्हणालो, असू दे, बघतो जरा.

तुम्ही इथेच राहायचं ठरवलंत, असं शिंपीणबाईंकडूनच कळलं. रोज गाडीवरून थोडं फिरून परत येता, म्हणजे दिवसातून एकदा ते तुमच्यासाठी दारात येतात. चांगलं करता.

मी पुन्हा बसने फिरतोय. खांदा जुन्या जागी गेला. तक्रार नाही. पण कालचा महिन्याचा पहिला रविवार मला काढता येईना. सवयीने बसमध्ये बसलो आणि तुमच्या स्टॉपवर उतरलो. तुम्ही बाहेर गेला होतात. आत्या मागे कपडे वाळत घालत होत्या. काका खुर्चीत.

"कोण?" म्हणाले.

 मशीनवाला म्हणावं तर त्यांना तो ठाऊक नाही. घाबरतील, आत्यांना हाका मारतील, अशी भीती वाटली. म्हणून म्हणालो, "हप्ता द्यायला आलोय."

ते सरसावून बसले. शर्ट नीट केला. "या की मग. बसा. गाडी कुठाय?"

"तुमचा मुलगा घेऊन गेलाय."

"हो, हो. तो येईल आता." हे म्हणताना त्यांचा चेहरा किती निवांत होता ते तुम्हाला सांगायला हवं. मी खिशातून होत्या त्या नोटा काढून दिल्या. त्यांनी मोजल्या, घडी घालून खिशात ठेवल्या. मग विचारलं, "अजून किती राहिलेत हो तुमचे?"

मी म्हणालो, "बरेच राहिलेत."

"मग दर महिन्याला यावं लागेल. कुणाबरोबर पाठवायचे नाहीत."

"येईन," म्हटलं.

तेव्हा आता तुमची परवानगी हवी आहे. पहिल्या रविवारी मी अर्धा तास येईन, परका म्हणून बसेन, चहा घेईन आणि जाईन. तुम्ही घरात असलात तरी चालेल. आणि एक काम करा. त्या नोटा त्यांच्या शर्टाच्या खिशात असतील. ते झोपले की काढून आत्यांकडे ठेवा. पुढच्या महिन्यात मला त्याच लागतील, दर वेळी नव्या आणायला मला जमायचं नाही.

मशीनवाला